मेव्हण्याकडे न गेलेली गाडी

चांगली जुनी गाडी सहसा बाजारात येतच नाही. ती मेव्हण्याकडे जाते. मेव्हण्याने नुकतीच नवी घेतली असेल तर ऑफिसातल्या सहकाऱ्याकडे, वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाकडे, नाहीतर ज्या मिस्त्रीने ती दहा वर्षं सांभाळली त्याच्याच एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाकडे. ‘काकांची गाडी निघतेय’ एवढी कुणकुण लागली तरी पुरते. तेव्हा जी गाडी अनोळखी माणसासाठी जाहिरातीत येते, तिच्यावरून आधी चार जाणत्या नजरा फिरून गेल्या आहेत आणि त्यांनी तिला सोडून दिलं आहे, असं धरूनच घराबाहेर पडावं.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये नेमक्या याच बाजारावर एक निबंध छापला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. पुढे 2001 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, त्यात या निबंधाचा वाटा मोठा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की गाडीत काय दडलंय ते विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधलीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली गाडी द्यायला तिचा मालक तयार होत नाही, तो ती घरीच ठेवतो, आणि बाजारात उरतात त्या खटारा. तर्क बिनतोड आहे. फक्त त्यात मेव्हणा नाही. आपल्याकडे चांगली गाडी नात्यात जाते; आणि क्वचित एखादी अगदी चांगली गाडी नात्यातही कुणालाच नको असते. तिच्यात खोट असते म्हणून नव्हे, तिच्या नावाची धास्ती असते म्हणून. माझा डोळा होता तो असल्या गाडीवर.

घरात दोन माणसं सत्तरीच्या पुढची. उंच एसयूव्हीत चढायचं म्हणजे आईला हात द्यावा लागतो, आणि हात दिलेला तिला आवडत नाही. गावाला जाताना तांदळाचं पोतं, येताना आंब्याच्या पेट्या. म्हणजे डिकी हवी, खरीखुरी डिकी हवी. आता सेडानच्या बाबतीत माझा एक हट्ट आहे आणि तो मी लपवत नाही: तिला शेपूट पुरतं पाहिजे. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचा अबकारी कर उतरला आणि कंपन्यांनी सेडानच्या शेपट्या छाटायला घेतल्या. 2008 मध्ये इंडिगोची आखूड आवृत्ती आली, 2012 मध्ये डिझायरही कापून चार मीटरच्या आत बसवली. गाड्या कामाच्या आहेत, त्यांच्यावर लाखो कुटुंबं सुखाने फिरतात. पण बाजूने पाहिलं की गाडी काढता काढता कागद संपल्यासारखं वाटतं.

फियाट लिनियाचा कागद संपलेला नाही. साडेचार मीटरहून थोडी जास्तच लांबी, 500 लिटरची डिकी, आणि छपरापासून मागच्या दिव्यांपर्यंत उतरत गेलेली एक सलग रेघ. ज्या ग्रांडे पुंटोवर ती बेतली, तिच्या रूपावर जोर्जेत्तो जुजारोचा हात आहे. 2009 च्या जानेवारीत ती भारतात आली, आणि आली ती रांजणगावच्या कारखान्यातून. नगर रस्त्याने महागणपतीच्या दर्शनाला जाणाऱ्यांना तो परिसर माहीत असतो. ही गाडी पुणेरीच म्हणायची, इटालियन आडनावाची. बाजारात मात्र तिची डाळ होंडा सिटीपुढे शिजली नाही. सिटी 1998 पासून इथे होती, तिच्या नावावर लोक डोळे मिटून पैसे देत होते, आणि आजही देतात. जुन्या सिटीची किंमत पाहा आणि त्याच वर्षाच्या लिनियाची पाहा. मधलं अंतर आहे ना, ती सगळी धास्तीची किंमत.

घरात लिनियाचा विषय काढला तेव्हा मेव्हण्याने (माझ्याही बाबतीत तो आहेच) एकच वाक्य उच्चारलं, “फियाट? पार्ट कुठे मिळणार?” हे वाक्य या गाडीबद्दल तिच्याकडे कधी न पाहिलेली माणसंही बोलतात. आणि ते खोटंही नाही. पण अर्धंच आहे. लिनियाच्या डिझेलमध्ये जे 1.3 मल्टिजेट इंजिन आहे, त्याच घराण्यातलं इंजिन स्विफ्टमध्ये होतं, डिझायरमध्ये होतं, इंडिका व्हिस्टात होतं. वाहनांवर लिहिणारे त्याला थट्टेने भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. टायमिंगला पट्टा नाही, चेन. ज्याच्या हाताला या इंजिनाचं तेल लागलेलं नाही असा मिस्त्री महाराष्ट्रात शोधूनच काढावा लागेल. अडतं ते पत्र्याशी आणि प्लास्टिकशी: हेडलाइट, बंपर, दाराचं अस्तर, काचेची कळ. म्हणजे ही गाडी रस्त्यात दगा देईल याची भीती कमी, आणि पार्किंगमध्ये कुणी ठोकली तर महिनाभर उभी राहील याची जास्त. दोन्हींना आपण ‘भरवसा नाही’ असंच म्हणतो, आणि इथेच गल्लत होते.

पद्मिनीची आठवण काढल्याशिवाय मला हे नीट सांगता येणार नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातली ती फियाट, पुढे प्रीमियर पद्मिनी झालेली, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. ती काही बिघडत नव्हती अशातला भाग नाही. बोरघाटात बोनेट उघडून, रेडिएटरमध्ये पाणी ओतत उभ्या असलेल्या फियाट ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना विचारा. ती टिकली, कारण गल्लीच्या तोंडाशी बसलेला माणूस ती दुपारपर्यंत चालू करून देत असे. म्हणजे भरवसा त्या गाडीत जेवढा होता तेवढाच तिच्या आसपासच्या वस्तीत होता. दहा वर्षांवरच्या कोणत्याही गाडीबद्दल मला हेच वाटतं. कंपनीची कीर्ती ही नव्या गाडीला लागू. दहा पावसाळे पाहिलेल्या गाडीला कंपनी वगैरे काही उरत नाही. उरतो तो तिला ज्याने वापरलं तो माणूस, आणि पुढे जो तिला दुरुस्त करणार तो.

गाडी चिंचवडला होती. 2013 ची, डिझेल, एमएच 14, मालक बँकेतून निवृत्त. फोनवर एवढंच सांगितलं, की सकाळी लवकर येतो, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. हे सांगणं फार महत्त्वाचं. गरम इंजिन गोड बोलतं. त्याचे खरे दोष थंड असताना, पहिल्या मिनिटात कळतात. सोबत माझे नेहमीचे मिस्त्री होते. त्यांनी गाडीपाशी पोचल्यावर नमस्काराआधी बोनेटवर उलटा हात ठेवला. पत्रा गार होता. मग नमस्कार केला.

पुढचा वेळ त्यांनी जे केलं ते पाहण्यासारखं होतं, कारण ते चकाकणाऱ्या एकाही जागी पाहत नव्हते. विकायच्या आधी गाडी धुतली जाते, पॉलिश होते, टायरला काळं फासतात, डॅशबोर्डला असा काही द्रव लावतात की त्यात आपलं तोंड दिसावं. म्हणून हात जिथे पोचत नाही तिथे पाहायचं. त्यांनी पुढच्या सीटचा बेल्ट धरला आणि ओढत राहिले; नेहमी लागतो तेवढा नाही, पार शेवटपर्यंत, रीळ अडेपर्यंत. तो शेवटचा हातभर पट्टा गाडीच्या आयुष्यात सहसा बाहेर येतच नाही. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीची सीटं बदलतात, गालिचे बदलतात, अत्तर मारतात. पण त्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ तशीच राहिलेली सापडते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर मुंबईतल्या बुडालेल्या गाड्या गेल्या कुठे? 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरच्या, 2021 मध्ये चिपळूणच्या? सगळ्या काही भंगारात गेल्या नाहीत. काही धुऊन-पुसून, जिथे पूर आला नव्हता अशा गावांत फिरत आहेत. म्हणून बेल्ट. मग सीटखाली बॅटरी मारून रुळांचे बोल्ट गंजलेत का ते. मग स्टेपनी उचलून तिच्या खालची खोबण. बेल्ट शेवटपर्यंत स्वच्छ निघाला. खोबणीत एक जुनं चिंचोक्यांचं पुडकं मिळालं, ते मालकांनी संकोचून खिशात टाकलं.

प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचा शिक्का आणि वर्षाची खूण असते. सगळ्या काचा गाडीच्याच वर्षाच्या, डाव्या मागच्या दाराची तेवढी नंतरची. मिस्त्रींनी तिथे बोट ठेवलं, बोलले काही नाहीत. मालक आत गेले आणि फाइल घेऊन आले. पार्किंगमधल्या मुलांच्या क्रिकेटने फुटलेली काच. बिल लावलेलं, त्यावर पेन्सिलीने तारीख आणि किलोमीटर. विम्यातून का नाही केलं, असं मी विचारलं. “नो क्लेम बोनस गेला असता ना!” ते म्हणाले, आणि मला एकदम दोन कागद शेजारी ठेवून वाचायची युक्ती सापडली. गाडीच्या पॉलिसीवर हा बोनस लिहिलेला असतो. पहिल्या बिनदाव्याच्या वर्षाला 20 टक्के, मग चढत चढत पाच वर्षांनी 50. पॉलिसीवर 50 दिसलं तर पाच वर्षांत विमा कंपनीकडून मोठी दुरुस्ती झालेली नाही, एवढं कळतं. (बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, तो मालक पुढच्या गाडीला घेऊन जातो, आपल्याला मिळत नाही. जुन्या गाडीवरून आणलेलाही असू शकतो, म्हणून मागच्या काही पॉलिस्या मागाव्यात.) पण लहानसहान ठोक लोक हा बोनस वाचवायला खिशातूनच भरतात. ते पॉलिसीत दिसत नाहीत, बिलांच्या फाइलमध्ये दिसतात. जो माणूस फुटक्या काचेचं बिल जपून ठेवतो त्याने मोठं काही लपवलं असेल असं मला वाटेना. मिस्त्रींना एवढ्याने पटलं नाही. ते बोटाच्या पेराने दारं, मडगार्ड, डिकीचा पत्रा ठोकत पूर्ण फेरी मारून आले. लांबी भरलेली असली तर तिथे आवाज बद्द येतो. हल्ली रंगाची जाडी मोजणारं यंत्र मिळतं. कारखान्यातला रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनचा, लांबीवर आकडा कित्येक पट चढतो. त्यांच्या खिशात ते आहे, पण आधी पेर आणि मग यंत्र असा त्यांचा क्रम आहे.

मीटरवर रनिंग 78,000. आता या आकड्यावर कोणी किती विश्वास ठेवावा? मीटर मागे घेणं हे तासाभराचं काम आहे, ते लॅपटॉपवर होतं. पण पायातलं रबर मागे घेता येत नाही. क्लचच्या पेडलच्या रबरावरची नक्षी, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, स्टिअरिंगची वरची डावी-उजवी बाजू, गिअरची मूठ. चाळीस हजार दाखवणाऱ्या गाडीत ही चारही झिजलेली असली तर मुकाट उठून चहा प्यायला जावं. शिवाय अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या प्रत्येक बिलावर त्या दिवशीचं रनिंग छापलेलं असतं. ती बिलं ओळीने लावली की आकडे जिन्यासारखे चढले पाहिजेत. मधली एखादी पायरी उतरती दिसली की संपलं. याच्या उलट एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: फार कमी रनिंग हीही काही शुभवार्ता नव्हे. विशेषतः डिझेलला. रोज दोन किलोमीटरवरून भाजी आणणारं डिझेल कधी नीट तापत नाही, काजळी धरत जातं. महामार्गावर लाखभर किलोमीटर चाललेलं इंजिन मला त्यापेक्षा परवडेल. ‘डॉक्टरांची गाडी, फक्त दवाखाना ते घर’ अशी जाहिरात वाचून लोक खूश का होतात, मला कळलेलं नाही. टायरचंही तसंच. नक्षी शाबूत असली तरी कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. न चाललेला टायरही म्हातारा होतो.

मग इंजिन. तेलाचं झाकण काढून त्यांनी आतली बाजू उन्हात धरली. ताकासारखा पांढुरका थर असता तर तेलात पाणी मिसळतंय असा संशय आला असता; पावसाळ्यात कमी चालणाऱ्या गाडीला तो नुसत्या दमटपणानेही धरतो, म्हणून मग कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग आहे का ते पाहायचं. इथे थर नव्हता. चावी फिरवली, इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. धूर किंचित काळा, मग दिसेनासा. निळा म्हणजे तेल जळतंय. पांढरा येतच राहिला तर त्याहून वाईट. आणि मग मिस्त्रींनी ती गंमत केली: चालू इंजिनावर ते झाकण न फिरवता उलटं ठेवून दिलं. इंजिन आतून झिजलेलं असलं, पिस्टनच्या कडेने दाब खाली निसटत असला, की झाकण थाडथाड नाचायला लागतं, कधी उडूनही जातं. गॅरेजात याला बॅक कॉम्प्रेशन मारणं म्हणतात. आम्ही तिघं त्या झाकणाकडे बघत उभे. ते जरासं थरथरलं, जागचं हललं नाही. मिस्त्रींनी मालकांना विचारलं, “काका, तेल किती किलोमीटरला बदलता?” काकांनी फाइल उघडली. “राहू द्या,” मिस्त्री म्हणाले, “कळलं.”

चालवताना एकच नियम मी पाळतो: एसी बंद, काचा खाली, गाणी बंद. गाडी दाखवणारा माणूस सर्वांत आधी म्युझिक सिस्टीम लावून दाखवतो, यात त्याच्या कलाप्रेमाचा भाग थोडा. काकांनी गाणी लावली नाहीत, पण शेजारी बसून माहिती देत राहिले, तेही जवळजवळ तेच. गतिरोधकावर डाव्या पुढच्या चाकाकडून ‘टक’ आला. मिस्त्री मागून म्हणाले, “लिंक रॉड. नाहीतर बुश.” दोन्ही किरकोळ. दोन हजार फेऱ्यांच्या खाली गाडी आळसावलेली, हा या इंजिनाचा जन्मजात स्वभाव. दोन हजारांच्या वर टर्बो जागा होतो आणि मग तिला धरावं लागतं. घाटात गिअर वेळेवर उतरवायची सवय नसेल तर ही गाडी तुम्हाला शिव्या द्यायला लावेल. दारं जड, स्टिअरिंग भारदस्त, आणि ऐंशीच्या वेगात गाडी रस्त्याला अशी चिकटून बसते की मागच्या सीटवरचा म्हातारा माणूस झोपी जावा. मला हेच हवं होतं. गाडी आवडली, हे मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. असं मला वाटतं. मिस्त्री म्हणतात, दिसत होतं.

जुनी वस्तू घेताना रूपावर जाऊ नये, असं वडीलधारे सांगतात. मला हे अर्धवट वाटतं. आवडलेल्या गाडीचं तेल माणूस वेळेवर बदलतो. नावडत्या गाडीला, ती कितीही ‘भरवशाची’ असो, तो सर्व्हिसिंग पुढे ढकलत ढकलत मारतो. आणि लिनिया घेतलेला माणूस म्हणजे मुळात दहा जणांचा सल्ला डावलून, केवळ आवडली म्हणून घेतलेला. अशा माणसांच्या फायली जाड असतात. हा माझा पूर्वग्रह असेल, पण काकांच्या फाइलने त्याला धक्का लागला नाही. आवडीचा तोटा इतकाच, की डोळा जिथे रमतो तिथे तो तपासत नाही. त्यासाठी न रमणारा एक डोळा सोबत न्यावा. माझा मिस्त्री त्या रेघेकडे, त्या शेपटाकडे एकदाही पाहत नव्हता.

सौदा चहावर झाला. लिंक रॉड आणि बॅटरीचे पैसे किमतीतून वजा, पुढचे दोन टायर आमच्याकडे. पंधरा वर्षांची नोंदणी 2028 मध्ये संपेल, मग पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर आहेच. तेही बोलण्यात घेतलं. आरसीवर कोणत्याही बँकेच्या कर्जाचा बोजा (एचपी) नव्हता. मला वाटलं, आता झालं. तेव्हा काका सरसावून बसले आणि म्हणाले, “आता मी विचारतो.”

गाडी कोण कोण चालवणार? मुलाकडे लायसन आहे का? सावलीत लावणार की उन्हात? ट्रान्सफर कधी करणार, नक्की तारीख सांगा. मी जरा हसलो, तर त्यांनी मोटार वाहन कायद्याचं पन्नासावं कलम काढलं. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने तीस दिवसांत. आणि 2018 मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: गाडी हातोहात विकली गेली होती, अपघात झाला, आणि नोंदणीत ज्याचं नाव राहून गेलं होतं त्यालाच मालक धरून भरपाईची जबाबदारी आली. “तुम्ही गाडी तपासलीत,” ते म्हणाले, “मी तुम्हाला ओळखतसुद्धा नाही. उद्या तुम्ही काही केलंत तर नोटीस माझ्या दारात.” सकाळपासून आम्ही त्यांच्या गाडीचं झाकण, बेल्ट, बोल्ट पाहत होतो तेव्हा ते आमच्याकडेच पाहत होते, हे तेव्हा ध्यानात आलं. मिस्त्री पहिल्यांदा कौतुकाने हसले.

फॉर्म 29 आणि 30 त्यांनी आधीच भरून ठेवले होते, रिकाम्या जागा फक्त माझ्या. माझ्या आधारची प्रत त्यांनी मूळ कार्डाशी ताडून पाहिली. मग डिलिव्हरी नोट लिहायला घेतली: आजच्या तारखेपासून, अमुक वाजल्यापासून या वाहनाची सर्व जबाबदारी घेणाऱ्याची. वेळ सव्वाअकरा लिहिली होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून त्यांनी ती खोडली, अकरा वाजून वीस मिनिटं असं लिहिलं, खाडाखोडीवर सही केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. “इथे तुमचीही,” ते म्हणाले, “खोडल्यावर दोघांची लागते.”